किमान एक सही

आमच्या कक्षात कागद जितके येतात, त्याहून किस्से जास्त येतात. कागदांना आवक क्रमांक मिळतो, मग जावक क्रमांक मिळतो आणि ते मार्गी लागतात. किस्स्यांना कसलाच क्रमांक नाही. त्यामुळे ते कुठे जात नाहीत, माझ्या डोक्यातच बसून राहतात. परवा विरारला आमच्या सोसायटीतल्या भिशीत एकीने विचारलंच, "काय गं, तुमचं काम तरी काय असतं? फॉर्मच तपासायचे ना नुसते?" म्हटलं, हो, फॉर्मच तपासायचे. बसा, सांगते.

शहर स्मार्ट करायच्या कल्पना घेऊन तरुण मुलंमुली स्टार्टअप काढतात आणि अनुदानासाठी अर्ज करतात. अर्ज नियमात बसतो की नाही हे बघायला आमचा कक्ष. दोन खोल्या, तीन माणसं. अध्यक्ष सावे सर, निवृत्त इंजिनिअर, वसईचेच, बोलणं मोजकं. दुसरे फ्रान्सिसकाका. शिपाई म्हणून लागले, आता सगळंच बघतात. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचं कामही त्यांच्याकडेच. आणि तिसरी मी, छाननी करणारी. माझ्यामागे मला सगळे 'त्रुटी मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत! इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक चुकीचा कागद पुढे गेलेला नाही. त्याचा मला फार अभिमान होता. 'होता' का म्हणते ते शेवटी कळेल.

*

आमची नियमावली कुठल्यातरी डोंगरातल्या शहराकडून उचललेली. शहराचं नाव बदललं, बाकी सगळं तसंच ठेवलं. नियम नऊ काय म्हणतो? 'यंत्रणा हिमवर्षावात कार्यक्षम राहते याचा पुरावा जोडावा.' वसई-विरारमध्ये हिमवर्षाव! मी कपाळाला हात लावला.

"सर, हे खोडू या," मी म्हटलं.

"खोडायला समितीची बैठक लागते," सावे सर म्हणाले. "आणि बैठक अर्ज आल्याशिवाय घेता येत नाही. नियम तीन वाचा."

म्हणजे पहिले अर्ज बर्फासकटच येणार होते. पाण्याच्या टाकीचं मीटर बनवणाऱ्या एका मुलाने इमानेइतबारे पुरावा जोडला. फोटो होता अर्नाळ्याच्या मासळीबाजारातला. कोळणीची बर्फाची पेटी, पेटीत दोन सुरमया, आणि दोन सुरमयांच्या मधोमध मीटर! खाली लिहिलेलं, 'सहा तास ठेवले. चालू.'

"अरे, हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, आपल्याकडे एवढाच बर्फ पडतो!"

मी नियम पुन्हा वाचला आणि शेरा मारला, 'पुरावा पाहिला. मान्य.' त्या फाइलला सहा महिने मासळीचा वास येत होता.

*

दुसरा किस्सा कचऱ्याच्या डब्याचा. डबा भरला की तो स्वतःच मेसेज पाठवणार, मग गाडी येणार आणि कचरा उचलणार. डोकं होतं त्या पोरांना, खोटं कशाला बोलू! चाचणीसाठी विरारच्या एका मोठ्या सोसायटीत डबा बसवला. तीन महिन्यांनी अहवाल आला: एकही मेसेज नाही.

मी जाऊन पाहिलं. डबा गेटच्या आत, सावलीत, वर प्लास्टिकचं कव्हर, आणि कव्हरला बारीकसं कुलूप. शेजारी फुटकं जुनं पिंप कचऱ्याने ओसंडून वाहत होतं.

"सेक्रेटरीसाहेब, कुलूप कशाला?"

"मॅडम, नवीन वस्तू आहे. आत कचरा टाकला तर घाण नाही का होणार?"

पोरांनी अहवालात लिहिलं होतं, 'परिसरात शून्य कचरा.' मी त्रुटी काढली. पोरं माझ्यावर रुसली. पण त्या डब्याला बघून माझ्या मनात आलं होतं की आपल्या लोकांच्या हातात कितीही चांगली वस्तू द्या, ती ते आपल्या पद्धतीनेच वापरणार. नियमावलीत याला कुठे जागाच नव्हती.

*

फ्रान्सिसकाकांच्या गावात रस्त्याचे हुशार दिवे बसवले होते. हालचाल दिसली की पेटायचं, नाही दिसली की विझायचं. वीज वाचणार म्हणून सगळे खूश होते. मे महिना आला. त्यांच्याकडे मेमध्ये संध्याकाळी वाटेवरच्या क्रुसापाशी सगळी आळी जमते आणि रोजरीची प्रार्थना करते. डोळे मिटून, गुडघे टेकून, अगदी निश्चल. दोन मिनिटांत दिवा विझला!

कुणीतरी हलायचं, दिवा पेटायचा. पुन्हा सगळे स्थिर, पुन्हा अंधार. आठवडाभर हेच चाललं. यंत्राच्या नोंदवहीत त्या वेळेसमोर रोज लिहून यायचं, 'येथे कोणीही नाही.' आणि तिथे तर चाळीस माणसं!

"मग काय केलं?" मी काकांना विचारलं.

"काय करणार मॅडम! आम्ही एकेकाची पाळी लावली. ज्याची पाळी त्याने प्रार्थना करायची नाही. नुसतं मागे उभं राहून हात हलवायचा."

सावे सर त्या दिवशी चहा पिता पिता थांबले. म्हणाले, "गप्प बसलेला माणूस यंत्राला दिसत नाही, पेडणेकर मॅडम. फॉर्मलाही दिसत नाही." मला वाटलं, सर दिव्यांबद्दलच बोलतायत. मी फाइल बंद केली.

*

आता निलेशकडे येते. खरं तर हे सगळं मी त्याच्यासाठीच सांगायला बसले आहे.

कामणजवळच्या एका पाड्यावरचा मुलगा. डिप्लोमा केलेला, तिथल्याच एका गोदामात बिघडलेले स्कॅनर दुरुस्त करतो. आमच्याकडे सादरीकरणाला पाच मिनिटं मिळतात. फ्रान्सिसकाका घरून आणलेली पितळी घंटा घेऊन बसतात, पाच मिनिटं झाली की वाजवतात. तोवर बाकीची मुलं इंग्रजीतून जग बदलत असतात. निलेश उभा राहिला आणि म्हणाला, "चिंचोटीच्या ओढ्यात वर पाणी वाढलं की यंत्राला कळतं. खाली भोंगा वाजतो. पळायला थोडा वेळ मिळतो." आणि खाली बसला.

"संपलं?" सर म्हणाले.

"हो सर."

काकांना घंटा वाजवायची संधीच मिळाली नाही. मी त्याचा फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला. 'बाजारपेठेचा आकार' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'एक ओढा.' मला हसू आलं. पुढचा रकाना, 'सध्या ही समस्या कोण सोडवते?' उत्तर, 'माझे वडील.' मी खोखो हसले. आज आठवलं की लाज वाटते.

"वडील काय करतात रे?" मी विचारलं.

"भातशेती. आणि ओढ्याच्या धबधब्यावर कोणी बुडालं की त्यांना फोन येतो. ते दोर घेऊन उतरतात. बाहेर काढतात."

"वाचवतात?"

"कधी कधी वाचतो माणूस, मॅडम. बहुतेक वेळा बाबा नुसतंच बाहेर काढतात."

 मग तो आपणहून सांगायला लागला. बाबांची साठी कधीच उलटली. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एका कॉलेजच्या मुलीला वर आणलं. त्यानंतर चार दिवस ते जेवले नाहीत. आई भांडते, पण फोन आला की ते निघतातच. त्याचं यंत्र गोदामातल्या टाकाऊ भागांतून जुळवलेलं, एक पावसाळा कसंबसं काढेल असं. अनुदान मिळालं तर पक्कं यंत्र बसेल. नाही मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बाबा आणि पुन्हा तो दोर.

"लोकांना पाण्याबाहेर ठेवलं, तर माझा बाप पाण्याबाहेर राहील," तो म्हणाला. "मला एवढंच पाहिजे, मॅडम."

काकांनी हातातली घंटा खाली ठेवली. आम्ही चाचणीला मंजुरी दिली.

*

पहिली चाचणी पावसाआधी, ओढा कोरडा असताना झाली. नियमाप्रमाणे मी आणि काका पाहणीला गेलो. निलेशने ॲम्ब्युलन्ससारखा भोंगा बसवला होता. बटण दाबलं, भोंगा वाजला, आणि माणसं धावली. पण कुठे? ओढ्याकडे! टपरीवरचा चहावाला, दोन रिक्षावाले, गवताचे भारे घेतलेल्या बायका, सगळे धावत खाली. "काय झालं? कोण गेलं?" दोघांनी तर मोबाइल काढून शूटिंगही सुरू केलं. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आपल्याकडे बघायला जातात, पळून कोण जातं?

निलेश डोकं धरून बसला. तेवढ्यात दामूकाका, म्हणजे त्याचे वडील, काठावरून ओरडले. बारीक अंगाचा माणूस, पण आवाज! "अरे वर या! पानी आलं, पानी! आधी वर या!"

सगळे जागच्या जागी वळले आणि चढायला लागले. मीसुद्धा! साडीचा घोळ एका हातात, फाइल दुसऱ्या हातात. ओढ्यात चूळ भरायला पाणी नव्हतं, तरी मी धापा टाकत वर पोचले. फ्रान्सिसकाका माझ्याही आधी पोचले होते.

निलेशने मोबाइल काढला. "बाबा, परत ओरडा."

असा भोंगा गेला आणि त्या जागी बाबांचा आवाज आला. पण नियम अकरा म्हणतो, सूचना तीन भाषांत हवी. मराठी झालंच होतं. हिंदी म्हणजे, "ऊपर आव! पानी आया है, पानी!" आणि इंग्रजी म्हणजे, "कम अप! वॉटर! फास्ट कम अप!" ऑफिसात बसून आम्ही तिघांनी ते तीन तीन वेळा ऐकलं. सर म्हणाले, "इंग्रजी कसं वाटतं?" मी मान वर केली तर फ्रान्सिसकाका स्टूल सोडून उभे! आवाज लागला की त्यांच्याने बसवतच नव्हतं.

मी शेरा मारला, 'भाषा समजते.'

*

पावसाळ्यात धबधब्यावर जायला बंदी असते. बोर्ड असतो, रस्त्यावर पोलीस असतात. तरी लोक मागच्या पायवाटेने जातातच. त्या रविवारीही गेले होते. खाली ऊन पडलेलं, पण वर डोंगरात ढग फुटला असावा. तिथे असंच होतं, खाली बसलेल्याला काही कळत नाही. यंत्राला कळलं.

दामूकाका तेव्हा शेतात चिखलात उभे होते. त्यांना लांबून आपलाच आवाज ऐकू आला. नंतर ते मला म्हणाले, "बाय, मला वाटलं मी मेलो, आनि माजं भूत वरडतंय!" यंत्र बसवलंय हेच त्या घटकेला ते विसरले. सवयीने दोर उचलला आणि धावत सुटले.

पोचले तेव्हा ओढा तांबडा होऊन दोन्ही काठ भरून वाहत होता. आणि पाण्यात कुणी नव्हतं. त्यांना पटेना. तासभर ते काठाकाठाने शोधत फिरले, झुडपांत बघितलं, खडकाच्या फटी बघितल्या. कुणीच नाही. मग दोर गुंडाळला आणि घरी आले.

"त्या दिवशी बाबा दोनदा भात मागून घेऊन जेवले, मॅडम," निलेश सोमवारी सांगायला आला तेव्हा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. फ्रान्सिसकाका चहा सांगायला निघाले.

आणि मी काय केलं? मी नियमावली उघडली.

*

नियम सतरा. 'चाचणी काळात यंत्रणेचा प्रत्यक्ष लाभ झाल्याबद्दल किमान एका नागरिकाचे नाव, पत्ता व सही जोडावी.'

"सही कुठाय?" मी विचारलं.

"मॅडम, ते पळाले."

"ते बरोबर आहे रे. पण सही?"

"पळायलाच सांगितलं होतं ना मॅडम! थांबून सही केली असती तर वाहूनच गेले असते."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण माझ्या रकान्यात ते बसत नव्हतं. एक सही आणायची. एकच! शुक्रवारी दुपारी बाराला बैठक, त्यानंतर या फेरीचं अनुदान बंद.

पोरगा दिवसभर वणवण फिरला. पायवाटेच्या तोंडाशी टपरी आहे, तिथे लोक गाड्या लावतात. चहावाल्याने दोघातिघांचे ठावठिकाणे सांगितले. पहिला विरारच्या मोबाइलच्या दुकानात कामाला. गुडघ्याला पट्टी, कोपर सोललेलं. "मी? मी तर रविवारी ताईकडे होतो." दुसऱ्याने दार अर्धंच उघडलं. "बंदी मोडली म्हणून उलट माझ्यावरच केस व्हायची. तुम्ही जा बघू." तिसरा त्यातल्या त्यात भला निघाला. त्याने निलेशला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, "हे बघा, मी तिथे नव्हतो. पण आवाज बाकी खणखणीत होता हो!"

निलेशने संध्याकाळी ते आम्हाला सांगितलं तेव्हा सर आणि काका हसले. निलेश हसला नाही.

मी लिहिलं, 'लाभार्थ्याची सही आढळत नाही. त्रुटी.' सर हळूच म्हणाले, "मॅडम, या वेळेला सोडून द्या." मी म्हटलं, "आज याला सोडलं तर उद्या तो कुलुपातला डबा येईल सर, त्याला काय सांगू?"  माझंही चुकत नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. पण घरी जाऊन ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. तांबड्या पाण्याच्या काठाने दोर घेऊन फिरणारा तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना.

*

मंगळवारी दामूकाका स्वतःच आले. मागे निलेश, खांद्यावर गोणी. दामूकाकांनी माझ्या टेबलावरची फाइल बाजूला सरकवली, वर्तमानपत्र पसरलं आणि गोणीत हात घालून एकेक वस्तू मांडायला लागले. चपला. बूट. सँडल. चिखलाने भरलेल्या, काही जोड, काही सुट्या. एक गुलाबी सँडल तर माझ्या तळहाताएवढी.

"सह्या नाय भेटल्या, बाय," ते म्हणाले. "ह्या भेटल्या."

"काका, याचं मी काय करू?"

ते खुर्चीत नीट टेकले. "दरवर्षी मी मानूस काढतो, आनि त्याच्या चपला पन उचलून आनतो. पोलीस ठेवून घेतात. मग घरची मानसं येतात. मानूस वलखायला डोळे उघडत नाय त्यांचे, चप्पल आधी वलखतात. लय रडतात. मी बाजूला उभा असतो."  त्यांनी ती छोटी सँडल सरळ करून ठेवली. "यंदा एवढ्या चपला भेटल्या. तीन दिस झाले. रडत कोन आलं नाय."

मी खाली मान घालून बसले. फ्रान्सिसकाका खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला जे वाटलं ते सांगते, स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

पण बाहेरची वस्तू ऑफिसात आली की तिची नोंद करावी लागते, हाही नियमच. फ्रान्सिसकाकांनी जमा वस्तूंची नोंदवही आणली. डावीकडच्या पानावर काय जमा झालं, उजवीकडच्या पानावर ते कुणी परत नेलं. मी डाव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रविवारी यंत्रणेचा इशारा झाल्यावर चिंचोटीच्या ओढ्याकाठी राहिलेली पादत्राणे.' मग माझी नजर उजव्या पानाच्या रकान्यांवर गेली. नाव. पत्ता. परत मिळालेली वस्तू. सही.

मी पेन खाली ठेवलं.

"निलेश," मी म्हटलं, "टपरीवर एक कागद लाव. मी लिहून देते." आणि लिहून दिलं, 'ओढ्याकाठी राहिलेल्या चपला आमच्या ऑफिसात सुखरूप आहेत. ओळखून, सही करून घेऊन जाव्यात. कोणावरही कारवाई होणार नाही.' शेवटच्या वाक्याचा मला काही अधिकार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी अधिकार नसताना काही लिहिलं.

सरांनी वाचलं. म्हणाले, "सही यात आली तर सतराव्या नियमाला चालेल?"

"डावं पान वाचून उजवीकडे सही केली तर मी त्रुटी काढणार नाही, सर."

*

बुधवारी कुणी आलं नाही. गुरुवारी एक माणूस आला. पिशवीतून त्याने एक बूट काढला, एकच, आणि टेबलावरच्या बुटाशी जुळवून बघितला. तोच जोड! आमच्या तिघांचेही चेहरे उजळले. फ्रान्सिसकाकांनी वही पुढे केली. त्याने डावं पान वाचलं. हळूहळू वाचलं. मग स्वतःचा बूट पिशवीत घातला.

"माझा नाही हा," तो म्हणाला. एक बूट घेऊन आला, एकच घेऊन गेला!

काकांनी दार लावलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. ती बोली मला येत नाही, पण अर्थ कळला.

शुक्रवार उजाडला. बाराला बैठक. अकराच्या सुमाराला दामूकाका आणि निलेश येऊन आमच्या खोलीतल्या बाकावर बसले. निलेशचे डोळे घड्याळावर. दामूकाका भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, अगदी निश्चल.

साडेअकराला एक बाई आल्या. तिशीच्या असतील. ऑफिसला निघालेल्या असाव्यात, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डबा.  चपलांवरून नजर फिरवली आणि त्या गुलाबी सँडलवर थांबली. हात पुढे गेला. फ्रान्सिसकाकांनी वही उघडून समोर ठेवली. बाईंनी डावं पान वाचलं आणि हात मागे घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमची नाही. आम्ही नव्हतो तिथे."

"असू दे, ताई," मी म्हटलं. मी जबरदस्ती केली नाही. निलेशने मान खाली घातली. बाई वळल्या, दारापर्यंत गेल्या, हात कडीवर.

बाकावर दामूकाकांनी डोळे उघडले. त्यांना यातलं काही कळलं नसावं. म्हणाले, "फ्रान्सिसभाऊ, जरा पानी द्या."

बाईंचा हात कडीवरच राहिला.

 मग वळून त्यांनी बाकाकडे बघितलं. काकांनी तांब्या दिला, दामूकाका पाणी प्यायले, तोंड पुसलं. बाई आपल्याकडेच बघतायत हे लक्षात आल्यावर ते संकोचून थोडे सरकले आणि त्यांना जागा करून दिली. "बसा ना, बाय. दमलात?"

बाई बसल्या नाहीत. माझ्या टेबलाशी आल्या.

"पेन द्या," त्या म्हणाल्या.

उभ्यानेच लिहिलं. अक्षर वळणदार. खाली सही केली, पेनाला टोपण लावून ते परत माझ्या हातात दिलं आणि निघून गेल्या.

मी वही माझ्याकडे वळवली. नाव होतं, पूर्ण पत्ता होता, सही होती. 'परत मिळालेली वस्तू' या रकान्यात लिहिलं होतं, 'आर्या, वय वर्षे सहा.'

गुलाबी सँडल टेबलावरच होती.